संघर्षावरचे टिपण माणसापासून कसे सुरू करावे: सीमाभागातील अभ्यासगटांसाठी

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात वाढलेल्या माणसाला वाद म्हटला की आधी आकडे आठवतात. महाजन आयोगाने 1967 मध्ये महाराष्ट्राला द्यावीत असे सुचवलेली 264 गावे, महाराष्ट्र मागतो ती 865, सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून असलेला दावा. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण कुठल्याही संघर्षाचा विचार फक्त भूभाग मोजून केला, तर त्या भूभागावरच्या माणसाला आज काय सोसावे लागते ते कागदावर उतरतच नाही. जगातल्या युद्धांवर लिहिताना वर्तमानपत्रे आणि सरकारे हेच करतात. मानवी सुरक्षा ही कार्यपद्धती सुरुवातच उलट्या टोकाकडून करते: आधी कोण धोक्यात आहे, कशामुळे, कुणाच्या हातात ते थांबवणे आहे, सीमारेषा त्यानंतर.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातले महाविद्यालयीन गट, वाचनालयांची अभ्यासमंडळे आणि स्थानिक पत्रकार यांना आंतरराष्ट्रीय संघर्षावर चार पानांचे धोरण-टिपण कसे तयार करता येईल, ते इथे सांगितले आहे. सरावासाठी आपला सीमाभाग घ्यायचा. आपला वाद देशांतर्गत आहे, राज्यघटनेच्या चौकटीतला आहे, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा. त्याची युक्रेनशी किंवा गाझाशी बरोबरी करू नका. सराव इथे करण्याचे कारण एवढेच की इथली माणसे तुम्हाला प्रत्यक्ष भेटू शकतात आणि तुमचे चुकले तर लगेच सांगू शकतात.

आधी लागणारी पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या 1994 च्या मानव विकास अहवालात मानवी सुरक्षेची कल्पना ठळकपणे मांडली गेली. त्यामागे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते. अहवालाने सुरक्षेची सात अंगे सांगितली: आर्थिक, अन्न, आरोग्य, पर्यावरण, व्यक्तिगत, समुदाय आणि राजकीय. सादाको ओगाता आणि अमर्त्य सेन यांच्या सहअध्यक्षतेखालील आयोगाने 2003 मध्ये तिला कामाचे रूप दिले. माणसाच्या जगण्याचा गाभा जपायचा, आणि त्यासाठी वरून संरक्षण व खालून सक्षमता ही दोन्ही कामे एकत्र करायची, असे त्या आयोगाचे म्हणणे. पुढे 10 सप्टेंबर 2012 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 66/290 हा ठराव केला. त्यात तीन गोष्टी स्पष्ट आहेत: मानवी सुरक्षेत बळाचा वापर किंवा त्याची धमकी येत नाही, ती राज्याच्या सुरक्षेची जागा घेत नाही, आणि उपाययोजना त्या त्या देशाच्या मालकीची असते. टिपणावर हमखास येणारे निम्मे आक्षेप या तीन वाक्यांनी सुटतात, म्हणून ती जवळ ठेवा.

सीमाभागात आणखी एक शंका हटकून येते: माणसाचे हाल मोजत बसलो तर हक्काचा प्रश्न मागे पडणार नाही का? हक्क सोडा असे ही पद्धत कुठेच सांगत नाही. दावा प्रलंबित असताना माणसाचे औषध, शाळा आणि मजुरी प्रलंबित राहू नये, हे मात्र ती ठामपणे सांगते.

प्रश्न लहान करा

‘रशिया-युक्रेन युद्ध आणि मानवी सुरक्षा’ या विषयावर टिपण होत नाही, फार तर निबंध होतो. प्रश्नात तीन गोष्टी हव्यात: कोण माणसे, कोणती जागा, कोणता काळ. ‘6 जून 2023 ला कखोव्का धरण फुटल्यानंतर नीपर नदीच्या दोन्ही काठांवरील गावांत पिण्याच्या पाण्याचे पुढच्या सहा महिन्यांत काय झाले’ हा प्रश्न हाताळता येतो. सरावासाठी तसाच: ‘आंतरराज्य बस तीन दिवस बंद पडली तर चंदगड आणि बेळगाव यांच्यात रोज ये-जा करणाऱ्यांचे काय होते.’ डिसेंबर 2022 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये तणावामुळे दोन्ही राज्यांमधली बससेवा थांबली होती, त्यामुळे माहिती देणारी माणसे सापडतात.

प्रश्न ठरवायला एक अख्खी बैठक द्या. इथे घाई केली की पुढचे सगळे टिपण पसरट होते.

तक्ता

एक मोठा कागद घ्या. उभ्या बाजूला सात अंगांच्या सात ओळी, आडव्या बाजूला पाच रकाने: धोका काय, नेमका कुणाला, ती माणसे आज त्यावर काय तोडगा काढतात, तोडगा कुठे अपुरा पडतो, जबाबदार कोण. तिसरा रकाना सर्वात मोठा ठेवा. नवखे गट तो दोन शब्दांत उरकतात आणि सगळे टिपण तिथेच फसते, कारण माणसे स्वतःच्या हिकमतीवर कशी निभावून नेतात हे कळले नाही तर तुमचा उपाय तीच हिकमत मोडून टाकू शकतो.

बसबंदीचा तक्ता भरून पाहू. आरोग्याच्या ओळीत डायलिसिसचा रुग्ण येतो. त्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा यावे लागते. बस तीन दिवस बंद म्हणजे किमान एक फेरी चुकण्याचा धोका. तोडगा म्हणून तो वडापने, म्हणजे खासगी प्रवासी गाडीने, सीमेपर्यंत येतो, शिनोळीला उतरतो, तिथून दुसरी गाडी पकडतो. अपुरेपणा: भाडे वाढते, आणि तणावाच्या दिवशी वडापवालाही गाडी काढत नाही. जबाबदार: दोन्ही परिवहन महामंडळांचे विभाग नियंत्रक, दोन्हीकडचे तालुका आरोग्य अधिकारी, पोलीस. आर्थिक ओळीत भाजीवाली, बांधकामावरचा बिगारी, दुकानात कामाला येणारी मुलगी. व्यक्तिगत सुरक्षेच्या ओळीत चालक आणि वाहक आधी लिहा. ते कोणत्या राज्याच्या नोकरीत आहेत यावरून त्यांची ओळ खाली-वर करू नका. मार खाणारा माणूस तोच असतो. समुदायाच्या ओळीत बसमध्ये आपली भाषा मोठ्याने बोलायला कचरणारे प्रवासी, मराठी आणि कन्नड दोन्ही. राजकीय ओळीत: बस बंद करण्याचा निर्णय घेताना कुणाला विचारले जाते, आणि पुन्हा सुरू झाल्याची खबर कुणापर्यंत पोचतच नाही.

अन्न आणि पर्यावरणाच्या ओळी या प्रश्नात जवळपास रिकाम्या राहतील. राहू द्या. सातही ओळी भरायच्याच या हट्टाने गट ओढूनताणून धोके शोधू लागतात. ‘सगळेच सुरक्षा’ म्हटले तर धोरण ठरवणाऱ्याला कशालाच हात घालता येत नाही. या पद्धतीवरची सर्वात जुनी आणि रास्त टीका हीच आहे.

क्रम कसा लावायचा

प्रत्येक धोक्याला चार कसोट्यांवर 1 ते 3 गुण द्या: जिवाला किती धोका, किती माणसांना, किती काळ, आणि नुकसान नंतर भरून येते का. बेरीज 12 पर्यंत जाते. मात्र एक नियम पाळा: जिवाच्या धोक्याला किंवा भरून न येण्याला 3 गुण असतील तर बेरीज काहीही असो, तो धोका वरच्या तिनात घ्यायचा. नाहीतर हजारो प्रवाशांची गैरसोय पाच-दहा रुग्णांच्या जिवावर भारी पडते. युद्धाच्या टिपणातही हेच होते. शहरातल्या वीजकपातीची बातमी मोठी होते आणि आघाडीजवळच्या गावात उरलेले म्हातारेकोतारे यादीत तळाला जातात.

माणसांशी बोलताना

सहा ते आठ जणांचा गट, पाऊण ते एक तास. बायकांची बैठक वेगळी घ्या, आणि ती बाईनेच घ्यावी. निपाणीत बिडीकाम करणाऱ्या बायकांना दिवसा बोलावू नका, त्यांची मजुरी बुडते. माल देऊन झाल्यावरची वेळ त्यांनाच विचारून ठरवा. गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरात बीडकडचे ऊसतोड मजूर असतात. इथे त्यांचे मत नाही, पत्ता नाही, म्हणून ते कुठल्याच बाजूच्या मोजणीत येत नाहीत. तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात असे कोण कोण सुटले, हे गटाने प्रत्येक बैठकीअखेर स्वतःला विचारावे. आंतरराष्ट्रीय संघर्षात ही जागा स्थलांतरित कामगार, निर्वासित आणि नागरिकत्वाचा कागद नसलेली माणसे घेतात.

मराठी गटात कन्नड उत्तम जाणणारे किमान एक जण हवेच, शक्य तर उर्दू बोलणारेही. एकाच भाषेत विचारले की एकाच भाषेतला त्रास सापडतो, आणि मग दुसरी बाजू त्या टिपणाला हातही लावत नाही.

पहिला प्रश्न ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ असा कधीच नको. ‘गेल्या पावसाळ्यात कोणकोणते दिवस घरात अडकून पडलात?’, ‘मूल आजारी पडले तेव्हा कुठे नेलेत, किती वेळ लागला, किती खर्च आला?’ असे विचारा. नाव, सर्व्हे नंबर, फोटो घेऊ नका; ‘बाई, चाळिशीची, खानापूर तालुका’ एवढे पुरते. लहान गावात जात आणि धंदा एकत्र लिहिले तरी माणूस ओळखू येतो, म्हणून दोन्ही एकत्र लिहू नका. 1 नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी गटांचा काळा दिन) आसपास आणि कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात गावात बैठका टाळा. तेव्हा लोक सांगतात ते मेळाव्यातले बोलणे असते. शिवाय तुमच्याशी बोलल्याबद्दल नंतर त्यांनाच कुणी जाब विचारू शकते.

गावचा पुढारी हवाच, पण शेवटी. तो आधी बोलला की बाकीचे ‘साहेब म्हणाले तेच’ म्हणून गप्प बसतात.

आकडे कुठून, कोणत्या मापाने

जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबू नका. बेळगाव जिल्ह्यात चिक्कोडीकडचा कालव्याखालचा ऊस आहे आणि भीमगड अभयारण्यातली, पावसाळ्यात रस्ता तुटणारी गावेही. दोघांची सरासरी काढली तर मिळणारे गाव कुठेच सापडणार नाही. तालुका, जमल्यास ग्रामपंचायत, हा आकार धरा. कुठलाही आकडा तीन ठिकाणी पडताळा: सरकारी नोंद, प्रत्यक्ष पाहणी, आणि ज्यांचा त्या आकड्यात फायदा-तोटा नाही असा तिसरा माणूस, उदाहरणार्थ आशाताई किंवा शाळेचे मुख्याध्यापक.

मदतकार्यात जगभर वापरली जाणारी स्फिअर मानके पाठच असू द्या. माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसे, नळ 500 मीटरच्या आत, छपराखाली माणशी 3.5 चौरस मीटर जागा, सुरुवातीला 50 माणसांमागे एक शौचालय आणि लवकरात लवकर 20 मागे एक. पूरछावणीला लावून पाहा. 600 माणसे म्हणजे रोज 9,000 लिटर पाणी, तीन नळ, आधी 12 आणि मग 30 शौचालये, 2,100 चौरस मीटर जागा. शाळेची सहा मीटर बाय सहा मीटरची खोली या मापाने दहा माणसांची. 2019 आणि 2021 च्या पुरात कृष्णाकाठच्या शाळांतून किती माणसे झोपली असतील याचा अंदाज तिथले लोकच देतील. तोच आकडा या मापाशेजारी मांडला की विशेषणांची गरज उरत नाही.

परक्या ठिकाणचा आकडा वाचकाला ओळखीच्या मापात द्या. कखोव्काच्या जलाशयात सुमारे 18 घन किलोमीटर पाणी मावत होते. म्हणजे साधारण 635 टीएमसी (अब्ज घनफूट), आलमट्टी धरणाच्या पाचपटीहून जास्त. कृष्णाकाठच्या माणसाला त्यानंतर काही समजावून सांगावे लागत नाही.

साखळी काढा

धोके सुटे नसतात, आणि मानवी सुरक्षेचे खरे काम इथेच आहे. तक्त्यातल्या वरच्या तीन धोक्यांपासून बाण काढा आणि प्रत्येक बाणावर किती दिवसांनी परिणाम दिसतो ते लिहा. कखोव्काची साखळी अशी: पहिल्या काही तासांत खालच्या अंगाची गावे पाण्याखाली, नदीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे युक्रेनच्या ताब्यातल्या आणि रशियाने व्यापलेल्याही भागात. लगेच पुढे, पुराबरोबर पेरलेले सुरुंग जागचे हलले. कालपर्यंत सुरक्षित वाटेवर आज सुरुंग. मग विहिरी दूषित. मग जलाशय आटल्याने वरच्या अंगाच्या गावांचे पिण्याचे पाणी आणि कालव्यांचे सिंचन गेले. सिंचन गेले की पुढच्या हंगामाचे पीक, आणि पिकामागून माणसे उठून जाणे. पर्यावरणाच्या ओळीत सुरू झालेले संकट असे अन्न आणि आर्थिक ओळीत शिरते.

सरावासाठी आपल्याकडचा पूर घ्या. कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा यांचे पाणी राज्याची हद्द विचारत नाही. मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर असे पूल-बंधारे पाण्याखाली जातात. तिथून बाण काढायला लागा. शाळा, दूध संकलन, गरोदर बाईचा दवाखाना. विसर्गाची सूचना एका राज्यातून निघते आणि पाणी दुसऱ्या राज्यात चढते. ती सूचना किती तासांत, कोणत्या भाषेत, गावातल्या कोणाच्या फोनवर पोचते, हा साखळीतला सर्वात स्वस्तात दुरुस्त होणारा दुवा आहे. असा स्वस्त दुवा प्रत्येक संघर्षात असतो; तो शोधून काढणे हेच टिपणाचे मोल.

उपाय लिहिताना

प्रत्येक उपायापुढे लिहा: कोण करील, कधीपर्यंत, आणि समोरच्या बाजूने नकार दिला तर त्यातले किती उरते. यावरून उपायांचे तीन ढीग पडतात. कोणत्याही एका बाजूला एकटीने करता येणारे, दोघांच्या संमतीने होणारे, आणि मध्यस्थ लागणारे. बहुतेक टिपणे फक्त दुसरा ढीग रचतात आणि म्हणून कपाटात जातात.

संमतीचे उपाय शोधताना निकोसियाचे उदाहरण डोळ्यांसमोर असावे. सायप्रसची ही राजधानी 1974 पासून दुभंगलेली आहे. पण शहराचे सांडपाणी दोन भागांत वाटता येईना. म्हणून ग्रीक सायप्रियट बाजूचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि तुर्की सायप्रियट बाजूचे महापौर मुस्तफा अकिंजी यांनी एकमेकांच्या सत्तेला मान्यता न देता गटारव्यवस्था मात्र एकत्र चालवली, आणि त्यातूनच संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने दोन्ही भागांचा मिळून शहर आराखडा झाला. सार्वभौमत्वाचा प्रश्न अजून तसाच आहे. तो सुटेपर्यंत मैल्याने थांबायचे कारण नव्हते.

भारत-बांगलादेशातल्या छिटमहलांचा, म्हणजे एका देशाने चारी बाजूंनी वेढलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांचा, तोडगा वेगळ्या कारणासाठी अभ्यासावा. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री 111 भारतीय आणि 51 बांगलादेशी छिटमहलांची अदलाबदल झाली, आणि रहिवाशांना कोणते नागरिकत्व हवे ते विचारले गेले. बांगलादेशातल्या भारतीय छिटमहलांतून भारतात यायचे ठरवणारे हजाराच्या आतच होते. माणसे नकाशावरच्या रंगापेक्षा घर, शेत आणि शेजार यांना धरून राहतात. पण जे आले त्यांना कूचबिहारच्या तात्पुरत्या छावण्यांत पक्क्या घराची बरीच वर्षे वाट पाहावी लागली. म्हणून निवड देणाऱ्या प्रत्येक उपायाला घर, जमिनीचा उतारा, रेशन कार्ड आणि शाळाप्रवेश यांची तारीख जोडा.

काळ्या समुद्रातल्या धान्यवाहतुकीचा करार जुलै 2022 मध्ये तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने झाला. युद्ध चालू असतानाच सुमारे 3.3 कोटी टन धान्य बाहेर पडले. पण तो ठरावीक मुदतीचा होता आणि 17 जुलै 2023 ला नूतनीकरण न होता संपला. मुदतीचा करार म्हणजे दर खेपेला एका बाजूच्या हाती दोरी. टिपणात असा उपाय सुचवलात तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काय, तेही लिहा.

कुठे घसरते

मदतीला झेंडा लागला की मदत अडते. महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना 865 गावांसाठी लागू केली. कर्नाटकने आक्षेप घेतला. कोण बरोबर हा वाद टिपणात नको. रुग्णाला उपचार मिळण्याचा मार्ग दोन्ही सरकारांना चालेल अशा कोणत्या यंत्रणेतून जाऊ शकतो, ते शोधा.

दुसरी घसरण म्हणजे दवाखान्याच्या प्रश्नावर पोलीस पाठवणे. ‘सुरक्षा’ शब्द दिसला की प्रशासन बंदोबस्त वाढवते. जिथे बंदोबस्त हा उपाय नाही, तिथे तसे एका वाक्यात नोंदवा.

तिसरी सर्वात गंभीर आहे. नागरिकांच्या रक्षणाच्या नावाने लष्करी कारवाईचे समर्थन. लिबियासाठी 17 मार्च 2011 चा सुरक्षा परिषदेचा ठराव 1973 नागरिकांना वाचवण्यासाठी होता. ती कारवाई गद्दाफींची सत्ता कोसळेपर्यंत चालली आणि मागे उरलेल्या देशात नागरिक सुरक्षित झाले नाहीत. 66/290 ठरावाने मानवी सुरक्षा आणि ‘संरक्षणाची जबाबदारी’ (नागरिकांना सामूहिक अत्याचारांपासून वाचवण्यासाठी जगाने पुढे यावे ही भूमिका) या वेगळ्या कल्पना आहेत असे नोंदवले, तो ठराव याच्या पुढच्याच वर्षीचा. तुमच्या टिपणातला कोणताही उपाय बळाकडे झुकत असेल तर त्याला मानवी सुरक्षेचे लेबल लावू नका.

भाषेचे हक्क ‘मऊ’ प्रश्न म्हणून वगळू नका. जमिनीचा उतारा, नोटीस किंवा औषधाची चिठ्ठी वाचता येत नसेल तर तो समुदायाच्या आणि आर्थिक अशा दोन ओळींतला धोका आहे. राज्यघटनेचे कलम 350 अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीबद्दल आहे, 350 ब भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याबद्दल. ‘जबाबदार कोण’ या रकान्यात अशी नेमकी तरतूद लिहा.

टिपणाचा आकार

चार पाने, त्याहून जास्त नाहीत. पहिल्या अर्ध्या पानावर प्रश्न आणि वरचे तीन धोके. मग एका पानावर साखळी, दीड पानावर उपाय, शेवटच्या पानावर मोजायच्या पाच-सहा खुणा. ‘तणाव कमी झाला’ ही खूण मोजता येत नाही. ‘डायलिसिसची एकही फेरी चुकली नाही’, ‘विसर्गाची सूचना सहा तास आधी दोन्ही भाषांत पोचली’ या मोजता येतात. आजची स्थिती आधी नोंदवा, नाहीतर सहा महिन्यांनी फरक कशाशी ताडणार?

मजकूर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीत एकच असावा; मराठीत जहाल आणि कन्नडमध्ये मवाळ असे दोन मसुदे केले की दोन्हीकडचा विश्वास जातो. प्रती डीसी ऑफिसला (कर्नाटकातले जिल्हाधिकारी कार्यालय), शेजारच्या महाराष्ट्रातल्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि ज्यांच्याशी बोललात त्या गावांना एकाच दिवशी द्या. तक्त्याच्या प्रत्येक ओळीपुढे शेवटच्या पडताळणीची तारीख टाका. तीन महिन्यांहून जुनी ओळ असेल तर त्याच माणसांना पुन्हा विचारा, आणि मगच ती पुढच्या आवृत्तीत घ्या.